यंत्राचे आयुष्य कोणाच्या हाती?



आपल्या घरांतून जुनी वस्तू सहसा टाकून दिली जात नाही. आजीचा पाटा-वरवंटा, आईचे शिवणयंत्र, वडिलांची सायकल या वस्तू अजूनही कित्येक घरांत जपून ठेवलेल्या दिसतात. ‘जुने ते सोने’ ही म्हण आपण बोलतो आणि तसे वागतोही. आपल्या आधीच्या पिढ्यांनी उसाच्या मळ्यांत राबून, काटकसरीने संसार केले, म्हणून आपण शिकलो. ही सवय चांगली आहे. ती मोडावी असे मी म्हणणार नाही.

परंतु आता आपल्या घरांत दोन वस्तू अशा आल्या आहेत की त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. एक संगणक आणि दुसरी मोबाईल फोन. शिवणयंत्र जुने झाले तर फार तर टाका चुकेल. त्या यंत्रातून रात्री कोणी चोर घरात शिरणार नाही. संगणक आणि फोन मात्र चोवीस तास साऱ्या जगाशी जोडलेले असतात. ते चालू आहेत म्हणजे ठीक आहेत, असे त्यांच्याबाबत म्हणता येत नाही. आणि त्यांत आज काय नसते? बँकेचे खाते असते, मुलांचे फोटो असतात, डॉक्टरचे कागद असतात, लंडन-पॅरिसला राहणाऱ्या लेकीचे पत्ते असतात.

मी संगणकशास्त्राचा पंडित नाही. मी शाळेत शिकवतो. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाई, की जे साधन वर्गात न्यायचे ते आधी स्वतः तपासून पाहावे. त्याच सवयीने मी हा विषय समजून घेतला. त्यातून माझे जे मत झाले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा सांभाळ थांबवला. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी निघाली होती, म्हणजे तिला दहा वर्षे झाली होती. सांभाळ थांबण्याची तारीखही काही वर्षे आधीच जाहीर झालेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले? काहीच झाले नाही. संगणक रोजच्यासारखे सुरू झाले. मुलांनी गृहपाठ केला, मोठ्यांनी पत्रे लिहिली. पुष्कळांनी म्हटले, “पाहा, उगीच घाबरवत होते!” नेमका हाच गैरसमज दूर करणे आवश्यक आहे.

कर्नेल म्हणजे काय?

संगणकाच्या प्रणालीच्या अगदी आत एक भाग असतो. त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा, आतला गर. एखाद्या मोठ्या कोठाराचा कोठारी असतो तसे त्याचे काम आहे. साऱ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. आपण जी ॲप वापरतो, मग ते पत्र लिहिण्याचे असो, गाण्याचे असो की बँकेचे, त्यांपैकी कोणालाही यंत्राच्या स्मरणशक्तीला, डिस्कला किंवा कॅमेऱ्याला परस्पर हात लावता येत नाही. प्रत्येकाने कोठाऱ्याकडे मागायचे आणि त्याने पाहून द्यायचे. एका ॲपने दुसऱ्याचे सामान पाहू नये, याची काळजीही तोच घेतो.

आता कोठाऱ्याला जर कोणी फसवले, तर वेगवेगळ्या खोल्यांना लावलेल्या कुलुपांचा काय उपयोग? सगळ्या किल्ल्या एकाच ठिकाणी आहेत. म्हणून कर्नेलमधली फट ही इतर कोणत्याही फटीपेक्षा जास्त धोक्याची असते.

याच कोठाऱ्याचे दुसरे काम म्हणजे यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी बोलणे. प्रिंटरची बोली वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, वायफायची वेगळी. आपल्या बेटावर आपण घरात क्रेओल बोलतो, कचेरीत इंग्रजी-फ्रेंच लिहितो आणि मंडळाच्या सभेत मराठी ऐकतो, म्हणून दुभाष्याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको. संगणकात हे दुभाष्याचे काम करणाऱ्या तुकड्यांना ड्रायव्हर म्हणतात. दुभाषा नसला की प्रिंटर शेजारी ठेवलेला असूनही संगणकाला तो मुका वाटतो. ‘हार्डवेअर सपोर्ट’ म्हणून जो शब्द आपण ऐकतो, त्याचा अर्थ एवढाच आहे, की तुमच्या यंत्राच्या भागांसाठी दुभाषे ठेवायचे आणि ते बदलत्या काळाबरोबर तयार ठेवायचे काम कोणीतरी अजून करीत आहे.

हा गाभा माणसांनीच लिहिलेला असतो, आणि माणसाच्या हातून चुका राहतात. लिनक्स नावाच्या कर्नेलचेच पाहा. आज त्यात चार कोटींच्या आसपास ओळी आहेत. इतक्या ओळींत कोठे ना कोठे चूक सापडत राहणार. ती सापडली की दुरुस्ती लिहायची आणि जगभरच्या यंत्रांकडे पाठवायची. यालाच आपण अपडेट म्हणतो. सांभाळ थांबला, याचा अर्थ चुका सापडणे थांबले असा नाही. चुका सापडत राहतात, फक्त दुरुस्ती येणे थांबते.

ठिगळ आले, पण कोणी लावले नाही

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एक खरी घटना सांगतो. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भगदाडाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. एका संगणकावरच्या फाइली दुसऱ्याला देण्याचे काम करणारा जो भाग, त्यात हे भगदाड होते; आणि तो भाग विंडोजच्या गाभ्यातच चालतो. त्यानंतर जवळजवळ दोन महिने गेले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू याच भगदाडातून शिरला आणि दीडशेच्या वर देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप लावी आणि ते उघडण्यासाठी पैसे मागे.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची. आपल्या बेटावरून किती तरी मुली साठ-सत्तरच्या दशकांत परिचारिका होऊन याच सेवेत गेल्या. त्यामुळे आपल्यापैकी अनेक कुटुंबांना ही संस्था परकी नाही. इंग्लंडच्या सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाने पुढे चौकशी केली. २३६ आरोग्य-ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टच्या कामात अडथळा आला होता. रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९,००० च्या वर गेला. कोणाची तपासणी पुढे गेली, कोणाची शस्त्रक्रिया पुढे गेली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाधा झालेली बहुतेक यंत्रे ‘विंडोज ७’ ची होती, आणि त्या वेळी विंडोज ७ चा सांभाळ चालू होता. म्हणजे ठिगळ तयार होते, फुकट होते, दोन महिने आधी आले होते; फक्त लावले गेले नव्हते. ‘बैल गेला नि झोपा केला’ म्हणतात ते याहून वेगळे काय?

आपण सायक्लोनच्या देशात राहतो. क्लास तीनचा इशारा मिळाला की आपण खिडक्या बंद करतो, पाणी भरून ठेवतो, मेणबत्त्या शोधतो. “मागच्या वेळी काही झाले नाही” असे म्हणून कोणी खिडकी उघडी ठेवीत नाही. अपडेटचा इशारा त्याच जातीचा आहे. पण एक फरक आहे, आणि तो वाईट आहे. सायक्लोन काही हवामान खात्याचे पत्रक वाचून आपला रस्ता ठरवीत नाही. चोर मात्र दुरुस्तीचे पत्रक बारकाईने वाचतो. कंपनीने कोठे ठिगळ लावले हे पाहिले की कापड कोठे फाटले होते हे त्याला कळते. म्हणून दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यानंतर ज्याने ती लावली नाही, तो पूर्वीपेक्षा अधिक उघडा पडतो.

विंडोज १० बाबत हाच धोका आहे. विंडोज ११ मध्ये दुरुस्ती होते तेव्हा त्याच घराण्यातल्या जुन्या प्रणालीत तीच चूक असण्याचा संभव असतो. दुरुस्ती नव्याला मिळते, आणि जुन्याची बातमी चोराला मिळते.

जिवंत यंत्राला मृत कोणी ठरवले?

आता कोणी म्हणेल, मग विंडोज ११ घ्यावे, त्यात काय अडचण? अडचण अशी की पुष्कळ यंत्रांना ते घेता येत नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आले तेव्हा कंपनीने काही अटी घातल्या. किल्ल्या सुरक्षित ठेवणारी ‘टीपीएम २.०’ नावाची सोय यंत्रात असली पाहिजे. प्रोसेसर इंटेलचा असेल तर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असला पाहिजे. ही आठवी पिढी २०१७ साली बाजारात येऊ लागली. म्हणजे एखाद्या कुटुंबाने २०१६ साली मुलाच्या परीक्षेसाठी पैसे साठवून नवा कोरा संगणक घेतला असेल, तर पाच वर्षांनी त्याला सांगण्यात आले की तुझ्या यंत्राला पुढचा रस्ता बंद आहे. यंत्राचा पडदा चांगला, कळा चांगल्या, वेगही घरच्या कामाला पुरेसा. तरी बंद!

कंपनीच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांनी ज्या त्रुटी उघड झाल्या त्या प्रणालीत नव्हत्या, प्रत्यक्ष प्रोसेसरच्या रचनेत होत्या. त्या झाकण्यासाठी जगातल्या प्रमुख कर्नेलांमध्ये बदल करावे लागले, आणि काही यंत्रे त्यामुळे मंदही झाली. तेव्हा सुरक्षिततेचा काही भाग यंत्राच्या लोखंडातच असावा लागतो, ही गोष्ट खोटी नाही. जुन्या यंत्रांचे ओझे कोणीही अनंतकाळ वाहू शकत नाही, हेही खरे. माझी तक्रार ‘आयुष्य संपते’ याविषयी नाही. ते किती आहे हे खरेदीच्या वेळी गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही, याविषयी आहे.

आपल्या बेटावर या प्रश्नाची धार जास्त लागते. आपण संगणक बनवीत नाही, फोन बनवीत नाही. सारे बोटीने आणि विमानाने येते. फ्रान्स-इंग्लंडमधले नातेवाईक सुटीवर येतात तेव्हा आपला जुना फोन भाच्याला देऊन जातात. बाजारात ‘रिकंडिशन’ केलेले लॅपटॉप मिळतात. त्यांत काही वाईट नाही. ज्याच्या हाती पैसा कमी, त्याने दुसऱ्याचे वापरलेले घेऊन काम भागवावे, हा शहाणपणा आहे. पण ज्या देशात तो फोन पहिल्यांदा विकला गेला तेथे त्याचे आयुष्य अर्धे खर्च झालेले असते, आणि उरलेले किती हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नाही. अशा रीतीने दुरुस्ती नसलेली यंत्रे हळूहळू गरिबाच्या, म्हाताऱ्याच्या आणि लहान मुलाच्या हाती गोळा होतात. ज्यांना फसवणे सर्वांत सोपे, त्यांच्याच हाती सर्वांत उघडे यंत्र. ही गोष्ट मला योग्य वाटत नाही.

एकदा वर्गात या विषयावर बोलणे निघाले तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, फोन चालतो, मग मेला कसा?” मी त्याला म्हटले, “फोन मेला नाही बाळ, त्याचा वैद्य गेला.” मुलांना ते लगेच कळले. मोठ्यांनाही कळायला हरकत नाही.

फोनची साखळी

फोनची गोष्ट संगणकापेक्षाही गुंतागुंतीची आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नेल असतो. पण तो आपल्या हाती येईपर्यंत अनेक हातांतून जातो. मूळ लिनक्सवाले तो लिहितात, गूगल तो घेते, चिप बनवणारी कंपनी त्याला आपले दुभाषे जोडते, मग फोन बनवणारी कंपनी त्यात आपले बदल करते. दुरुस्तीलाही याच साखळीतून यावे लागते. त्यातल्या एका कडीने हात वर केले की खालचे सारे अडकले. चिपवाल्याने जुन्या चिपसाठी दुभाषे देणे बंद केले, तर फोनवाल्याची इच्छा असूनही नवा गाभा घालणे त्याला कठीण जाते.

२०२२ मध्ये मॅक्स केलरमान या संगणकतज्ज्ञाने लिनक्समधली एक चूक शोधली. नोंदींच्या काही फाइली पुन्हा पुन्हा बिघडतात कशा, याचा शोध घेताना ती त्याला सापडली. तिला ‘डर्टी पाइप’ असे नाव मिळाले. ती २०२० पासूनच्या कर्नेलांमध्ये होती, म्हणून त्या वेळच्या काही अगदी नव्या फोनांतही होती. मूळ लिनक्समध्ये दुरुस्ती फेब्रुवारी २०२२ मध्येच आली आणि मार्चमध्ये चूक सर्वांना जाहीर झाली. पण ती दुरुस्ती फोनांपर्यंत पोहोचायला त्यापुढेही काही काळ गेला. नव्या, महागड्या फोनांची ही कथा, तर कोणाचीही देखरेख नसलेल्या स्वस्त फोनांचे काय होत असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

मात्र परिस्थिती सुधारू शकते, याचाही पुरावा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ या फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस २४ साठी तेच केले. सात वर्षे आधीही अशक्य नव्हती. गिऱ्हाइकाने मागितली नव्हती आणि कायद्याने विचारली नव्हती, एवढेच.

लिनक्सचा मार्ग

जुन्या संगणकांसाठी एक वाट खुली आहे, आणि ती आपल्या काटकसरीच्या स्वभावाला मानवणारी आहे. फिनलंडच्या हेलसिंकी शहरातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले की आपण एक छोटी प्रणाली छंद म्हणून लिहीत आहोत. त्या छंदाचे पुढे लिनक्स झाले. त्याचा सारा मजकूर सर्वांसाठी उघडा आहे. जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातले बहुतेक दुभाषे कर्नेलच्या आतच ठेवलेले असतात. त्यामुळे बनवणाऱ्या कंपनीने सोडून दिलेला एखादा जुना भागही लिनक्समध्ये पुष्कळदा चालू राहतो.

उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली फुकट मिळतात. विंडोज ११ ने नाकारलेले यंत्र त्यांवर अनेकदा सुखाने चालते. पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, इंटरनेट पाहणे, चित्रपट पाहणे ही कामे होतात. देवनागरीत लिहिताही येते. पण यातही आंधळा विश्वास नको. मायक्रोसॉफ्टचे ऑफिस त्यावर नेहमीसारखे बसवता येत नाही. काही खेळ, काही प्रिंटर, शाळेचे एखादे खास ॲप अडून बसू शकते. म्हणून आधी ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. यंत्रात काहीही न बदलता ही परीक्षा घेता येते. फाइलींची नक्कल दुसरीकडे ठेवावी आणि मगच निर्णय घ्यावा.

आणि लिनक्सही अमर नाही. टोरवाल्ड्स याने ज्या ‘३८६’ जातीच्या प्रोसेसरवर आपला पहिला कर्नेल लिहिला, त्याच प्रोसेसरचा आधार लिनक्सने डिसेंबर २०१२ मध्ये काढून टाकला. जन्मभूमीलाच निरोप दिला म्हणा ना! डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मान्यवर आवृत्ती. तिनेही ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या तेराव्या अंकात जुन्या ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय ठेवली नाही. पण हे निर्णय होण्यापूर्वी त्यांची उघड चर्चा झाली, आणि प्रोसेसर वीस-पंचवीस वर्षांचा होईपर्यंत त्याची साथ टिकली. निरोप देण्याचीही एक सभ्य रीत असते.

अपडेटनेच घात केला तर?

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही लोक म्हणतात, अपडेट घेतले आणि संगणक बिघडला. त्यापेक्षा न घेतलेले बरे. १९ जुलै २०२४ चे उदाहरण ते देतात. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सदोष अपडेट पाठवले. तिचे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करणारे होते. त्यामुळे चूक एका ॲपपुरती न राहता सारे यंत्रच कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बंद पडली. विमाने रद्द झाली, रुग्णालये आणि बँका अडल्या. कंपनीने चुकीची फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली. पण जी यंत्रे आधीच पडली होती त्यांतली पुष्कळशी माणसाने प्रत्यक्ष जाऊन एकेक करून उभी करावी लागली.

या घटनेतून मी मात्र ‘अपडेट घेऊ नका’ असा धडा काढत नाही. एका डॉक्टरने चुकीचे औषध दिले म्हणून आपण औषधच सोडत नाही. धडा असा, की गाभ्याला हात लावणाऱ्याने आधी थोड्या यंत्रांवर पाहावे, मग बाकीच्यांना द्यावे. आणि आपण स्वतः आपल्या महत्त्वाच्या फाइलींची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. नक्कल असली की बिघडलेले अपडेट म्हणजे एका दिवसाचा त्रास. ठिगळ न लावलेल्या यंत्रातून चोर शिरला तर तो त्रास बँकेच्या खात्यापर्यंत जातो. दोन्ही धोके तराजूत घालून पाहावे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट घरातली. या रविवारी घरातले प्रत्येक यंत्र हातात घ्या. त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटची सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या महिन्याची आहे ते पाहा. फोनवर ही तारीख स्पष्ट लिहिलेली असते. ती वर्षभर जुनी असेल आणि नवीन काही येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे ॲप ठेवू नका. गाणी ऐकायला, फोटो पाहायला तो फोन ठेवा. आजी-आजोबांच्या फोनकडे आधी लक्ष द्या. ते स्वतः सांगणार नाहीत. “आम्हाला काय, बोलायला पुरते” असेच म्हणतील.

दुसरी गोष्ट विंडोज १० ची. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ ठेवली. शिक्षणसंस्थांसाठी तीन वर्षांची सवलत जाहीर केली. दर यंत्रामागे पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४. मुदतवाढ म्हणजे तयारीसाठी मिळालेला वेळ. तो झोपण्यासाठी नाही. शाळांच्या पालक-शिक्षक संघांनी आणि आपल्या मंडळांनी आपापल्या कपाटांतल्या संगणकांची यादी करावी. कोणते विंडोज ११ ला चालेल, कोणते लिनक्सला चालेल आणि कोणते इंटरनेटपासून दूरच ठेवावे, असे तीन भाग पाडावे. दहावी-बारावीची मुले हे काम आनंदाने करतील, आणि त्यांना त्यातून जे शिक्षण मिळेल ते पुस्तकातून मिळणार नाही.

तिसरी गोष्ट दुकानातली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुधाच्या पावडरीच्या डब्यावर तारीख असते. औषधाच्या बाटलीवर तारीख असते. रेफ्रिजरेटर वीज किती खाणार हेही दुकानात पट्टीवर लिहिलेले पाहायला मिळते. मग हजारो रुपयांच्या फोनच्या खोक्यावर ‘या यंत्राला अमुक तारखेपर्यंत दुरुस्त्या मिळतील’ एवढी एक ओळ का नसावी?

ही काही स्वप्नातली मागणी नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू आहे. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंना सुरक्षा-दुरुस्त्या कमीत कमी किती काळ मिळतील हे उत्पादकाने जाहीर केलेच पाहिजे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी नियम आला, की त्या नमुन्याची विक्री कंपनीने थांबवल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट उपलब्ध राहिले पाहिजेत. म्हणजे तेच फोन, त्याच कंपन्या. पण लंडनच्या आणि पॅरिसच्या गिऱ्हाइकाला जे वचन कायद्याने मिळते, ते पोर्ट लुईच्या, वाकोआच्या गिऱ्हाइकालाही छापील स्वरूपात मिळायला नको का?

कोणी म्हणेल, आपला देश एवढासा, आपले कोण ऐकणार? मोठ्या कंपनीला आपण वाकवू शकणार नाही, हे मान्य. पण माल आयात करणारा व्यापारी तर आपल्याच देशातला आहे, आणि त्याला नियम लावण्याचा अधिकार आपल्याच सरकारला आहे. तारीख कंपनीने इतरत्र जाहीर केलेलीच आहे. ती खोक्यावर चिकटवायला कितीसा खर्च येणार? ज्या मालाची तारीखच सांगता येत नाही, तो स्वस्त का आहे हे मग गिऱ्हाइकाला आपोआप कळेल. संगणक-सुरक्षेसाठी आपल्याकडे ‘सर्ट-एमयू’ हे सरकारी केंद्र २००८ पासून आहे, आणि सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा २०२१ मध्ये झाला. चोराला पकडण्याची व्यवस्था झाली, हे चांगलेच झाले. आता दाराची कडी किती दिवस टिकणार हे गिऱ्हाइकाला सांगण्याचीही व्यवस्था व्हावी.

कायदा होईपर्यंत वाट पाहण्याची गरज मात्र नाही. आपण दुकानात जातो तेव्हा फोनचा रंग विचारतो, कॅमेरा विचारतो, किंमत तर दोनदा विचारतो. त्यात एका प्रश्नाची भर घाला, “याला अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार?” दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर त्याला शोधायला लावा, आणि उत्तर पावतीवर लिहून मागा. एका गिऱ्हाइकाने विचारले तर तो हसेल. दहांनी विचारले तर तो पुढच्या वेळी आधीच चौकशी करून ठेवील. शंभरांनी विचारले तर ती तारीख तो स्वतःच पाटीवर लिहील.